पहिली ठोकर आणि पगारातली कपात

ज्या वस्तीतून एकही पोरगा ट्रकवर गेलेला नाही, अशी आपली वस्ती आज शोधून सापडणे कठीण आहे. आजोबांनी गावकीची कामे केली, बापाने सालगडी म्हणून दुसऱ्याच्या शेतात हाडे झिजवली आणि पोरगा आज दहा चाकी गाडीच्या स्टिअरिंगवर बसला आहे. भिवंडी, इंदूर, हैदराबाद ही नावे तो शेजारच्या गावांसारखी घेतो. त्याच्या आईला याचा अभिमान वाटतो. आम्हालाही वाटतो. पण हाच पोरगा पहिल्यांदा गाडी ठोकतो तेव्हा त्याच्या मनाचे, त्याच्या पगाराचे आणि त्याच्या पुढच्या आयुष्याचे काय होते, याचा विचार आपण कधी केला आहे काय?

मोठ्या अपघाताची बातमी होते. लहान ठोकरीची होत नाही. बंपर वाकतो, समोरच्याचा दिवा फुटतो, कोणाला खरचटतही नाही. लोक म्हणतात, चला, थोडक्यात निभावले. आमचे म्हणणे वेगळे आहे. तो पुढे कसला ड्रायव्हर होणार, थांबणारा की पळणारा, हे त्या लहान ठोकरीनंतरच्या आठ दिवसांतच ठरते. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आमच्या परिचयातील एका मुलाची हकिकत सांगतो. नाव देत नाही, कारण त्याला याच धंद्यात पोट भरायचे आहे. चार वर्षे त्याने किन्नर म्हणून काढली. काचा पुसल्या, ताडपत्री बांधली, दोर ओढले, भर उन्हात टायर बदलले, उस्तादाच्या शिव्या खाल्ल्या आणि त्यातूनच गाडी शिकला. शाळा सातवीतच सुटलेली. मालवाहू गाडीच्या परवान्यासाठी आठवी पासची अट होती, ती केंद्र सरकारने २०१९ मध्ये काढून टाकली, म्हणून त्याला परवाना मिळाला. परवाना हातात आला त्या दिवशी त्याने घरी पेढे आणले होते.

एकट्याने गाडी चालवू लागल्याचा तो तिसरा आठवडा. लासलगावजवळच्या एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर दुपारपासून कांदा भरणे चालले होते. गोण्या मोजून घेणे, ताडपत्री आवळणे यात संध्याकाळ गेली. रात्री नऊला गाडी निघाली. ज्या गिअरने घाट चढायचा त्याच गिअरने उतरायचा, हे उस्तादाचे वाक्य घोकत त्याने मध्यरात्री कसारा घाट उतरवला. पहाटे चारला नवी मुंबईतील बाजार आवारात रांगेत लागला. साडेपाचला नंबर आला. गाडी मागे घेऊन गाळ्याला लावायची होती. मागे उभे राहून ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणणारे कोणी नव्हते. मालकाने खर्च वाचवण्यासाठी किन्नर देणे बंद केले होते.

पोराने उजव्या आरशात बघून स्टिअरिंग कापले. ट्रकचे असे आहे की, पुढचे तोंड एकीकडे वळते तेव्हा मागच्या चाकाबाहेर लोंबणारा सांगाडा दुसरीकडे झुकतो. डाव्या अंगाला एक टेम्पो उभा होता. तो आरशात दिसत नव्हता. कडकन आवाज झाला. टेम्पोचा दिवा फुटला, बंपर आत गेला, ट्रकची मागची बत्ती लोंबू लागली. झाले एवढेच.

चूक त्याचीच होती. ते आम्ही लपवीत नाही. गाडी थांबवून, खाली उतरून, एकदा मागे बघून यायला हवे होते. पण मागे तीस गाड्यांचे भोंगे वाजत होते आणि नव्या ड्रायव्हरला खाली उतरून बघण्याची लाज वाटते. लोक हसतील, ‘नवीन आहे’ म्हणतील ही ती लाज.

पुढे काय झाले? टेम्पोवाल्याने गचांडी धरली. माणसे जमली. ‘कुठला रे तू? आडनाव काय?’ हा प्रश्न कोणीतरी विचारलाच. फुटलेल्या दिव्याचा आडनावाशी काय संबंध, असे आम्ही विचारतो. पण ज्यांनी आयुष्यात कधी ना कधी हा प्रश्न ऐकला आहे त्यांना तो कशासाठी विचारतात हे सांगायला नको. पोराने मालकाला फोन लावला. मालकाने पहिला प्रश्न विचारला, ‘माल उतरला का?’ दुसरा प्रश्न विचारला, ‘किती मागतोय?’ तुला लागले का, कोणाला लागले का, हा प्रश्न शेवटपर्यंत आला नाही.

टेम्पोवाल्याने बारा हजार मागितले, सातावर मिटले. मालकाने पैसे फोनवरून पाठवले आणि पोराच्या नावावर लिहिले. आपल्या गाडीच्या दुरुस्तीचे चार हजार, तेही त्याच्याच नावावर. पगार पंधरा हजार. आईच्या दवाखान्यासाठी आधीच घेतलेली वीस हजारांची उचल होती. ती आता एकतीस हजार झाली. परतल्यावर मालक म्हणाला, ‘पैसे फिटेपर्यंत लायसन माझ्याकडे राहू दे.’

वाचकहो, इथे जरा थांबा. उचल हा शब्द आपल्या घरात नवा नाही. बापाने पाडव्याला उचल घेतली आणि ती फिटेपर्यंत मालकाची बैलजोडी सोडता आली नाही. ऊसतोडीला जाणारी आपली माणसे उचलीच्या हिशेबानेच कारखान्यावर जातात. आता तीच उचल ट्रकच्या केबिनमध्ये येऊन बसली आहे. कर्ज देऊन माणूस बांधून ठेवणे या देशात १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरवले आहे. प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी असे आम्ही म्हणत नाही. पण कर्जापायी ज्याला दुसरीकडे कामाला जाता येत नाही आणि ज्याचा परवाना मालकाच्या कपाटात आहे, त्याला मोकळा माणूस म्हणायचे कसे?

त्या पोराचे पुढचे दिवस आम्ही पाहिले आहेत. रात्री डोळा लागला की तो कडकन आवाज कानात व्हायचा. गाडी मागे घ्यायची वेळ आली की हात थरथरायचे. दुसऱ्या ड्रायव्हरला पन्नास रुपये देऊन तो गाडी लावून घेऊ लागला. घरी कोणाला काही सांगितले नाही. ढाब्यावर एकाने क्वार्टर पुढे केली, म्हणाला, विसरून जाशील. आणि एका जुन्या ड्रायव्हरने सल्ला दिला, ‘पुढच्या वेळी थांबायचंच नाही. गाडी काढायची आणि निघायचं.’

हा सल्ला ऐकून आम्ही हादरलो. कारण पुढच्या वेळी टेम्पोच्या जागी माणूस असेल. रस्त्याच्या कडेने सायकलवर जाणारा मजूर असेल, पहाटे भाजी घेऊन निघालेली बाई असेल, शाळेत चाललेले लेकरू असेल. ही माणसे कोण आहेत? तीही आपलीच आहेत. मोटारीत बसणाऱ्यांपेक्षा पायी चालणारे आपल्यात जास्त. स्टिअरिंगवर आपला पोरगा आणि चाकासमोरही आपलाच माणूस, असा हा मामला आहे. म्हणून पळणाऱ्या ड्रायव्हरची बाजू आम्ही घेऊ शकत नाही आणि त्याला पळायला शिकवणाऱ्या व्यवस्थेलाही सोडू शकत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये देशभर ट्रकचालकांनी चाके थांबवली होती, हे वाचकांना आठवत असेल. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ च्या दुसऱ्या उपकलमात, अपघातात माणूस मेला आणि चालक पोलिसांना न कळवता पळाला तर दहा वर्षांपर्यंत कैद लिहिली होती. संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, पण सरकारने ते उपकलम तेव्हा लागू केले नाही. त्या वेळी एका बाजूने ‘पळणाऱ्यांना सोडू नका’ असा आरडाओरडा झाला, तर दुसऱ्या बाजूने ‘थांबलो तर जमाव जीव घेईल’ असे उत्तर आले. दोन्हींत तथ्य होते. पण मूळ प्रश्न कोणी विचारला नाही. ड्रायव्हर पळायला शिकतो कुठे? तुरुंगाची भीती पुढची. आधी तो पहिल्या लहान ठोकरीत शिकतो की, थांबणारा बुडतो. बंपर वाकला म्हणून थांबला आणि पगार कापला गेला, हा अनुभव ज्याच्या गाठी आहे तो माणूस चिरडल्यावर थांबेल, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण तो आपल्या पोरांना कोणी सांगत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १३२ सांगते की माणसाला, जनावराला, गाडीला वा मालमत्तेला इजा झाली तर पोलीस अधिकाऱ्याने सांगितल्यावर चालकाने गाडी थांबवायची आणि समोरच्याने विचारल्यास आपले व मालकाचे नाव-पत्ता द्यायचा. त्यानेही आपला नाव-पत्ता द्यायचा असतो. कलम १३४ सांगते की जखमीला उपचार मिळतील असे पाहायचे आणि तिथे पोलीस नसतील तर जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, हकिकत कळवायची. जमाव खवळलेला असल्यामुळे जखमीजवळ थांबणे शक्य नसेल तर त्याची दखलही याच कलमात घेतली आहे. म्हणजे जिवाला धोका असेल तर गाडी सोडून थेट ठाण्यात जाऊन हजर होणे हे पळणे नव्हे. पळणे आणि ठाण्यात जाणे यातला हा फरक प्रत्येक नव्या ड्रायव्हरच्या मनावर कोरला गेला पाहिजे.

मग पैशाचा प्रश्न. गाडीचा विमा असतो ना, मग पोराच्या पगारातून का कापायचे? यातली गोम समजून घ्या. मालवाहू गाडीच्या साध्या पॉलिसीत दिवे, टायर, मडगार्ड, बंपर आणि रंग यांचे नुकसान सहसा धरलेले नसते. त्यासाठी जादा हप्ता भरून वेगळे कलम जोडून घ्यावे लागते आणि अनेक मालक ते घेत नाहीत. आता सांगा, लहान ठोकरीत दुसरे काय फुटते? दिवा आणि बंपरच फुटतो! शिवाय आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा केला की पुढच्या वर्षीच्या हप्त्यातली सूट, ज्याला नो क्लेम बोनस म्हणतात, ती जाते. दावा न करता पाच वर्षे गेली तर ही सूट निम्म्यापर्यंत पोचते. ती घालवण्यापेक्षा मालकाला ड्रायव्हरचा पगार कापणे स्वस्त पडते. समोरच्याच्या गाडीचे नुकसान तर सक्तीच्या थर्ड पार्टी विम्यात येते आणि त्या दाव्याने ही सूट जात नाही. पण त्यासाठी पोलीस, कागद, तारखा आल्या. म्हणून जागच्या जागी तोडपाणी होते आणि त्याचा भार सगळ्यांत कमी पगार असलेल्याच्या डोक्यावर येतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सगळे मालक धनदांडगे नसतात. एकच गाडी असलेला, फायनान्सच्या हप्त्याखाली वाकलेला मालकही आम्ही पाहिला आहे. त्याची अडचण खरी आहे. पण आपली अडचण खालच्या माणसाच्या पाठीवर उतरवून ठेवायची, हा या देशातला फार जुना धडा आहे आणि तो आपल्याला मान्य नाही.

पगारातून मनाला येईल तशी कपात करता येत नाही. हा हक्क आजचा नाही, १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यापासूनचा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी वेतन संहिता लागू झाली, तरी तत्त्व तेच राहिले. नुकसानीबद्दल कपात करायची तर ते नुकसान कामगाराच्या हयगयीमुळे झालेले असले पाहिजे, कपात नुकसानीच्या रकमेपेक्षा जास्त नको आणि आधी कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाता येत नाही. आमच्या त्या पोराला बाजू मांडण्याची संधी कोणी दिली? किन्नर का नव्हता, हे मालकाला कोणी विचारले?

आणि झोपेचे काय? दुपारपासून माल भरणे, रात्रभर गाडी, पहाटे रांग. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्याच काळात, १९४६ मध्ये, कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ च्या कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांचे सूत्र आणले. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यालाच लागू होता. एकदोन गाड्यांच्या मालकाकडे राबणारा पोरगा त्याच्या बाहेरच राहिला. पहाटे साडेपाचला त्याने आरशात नीट का पाहिले नाही, याचे अर्धे उत्तर या तासांत आहे.

चूक पोराची, पण परिस्थिती कोणाची, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. तरी चूक नाकारायला आम्ही शिकवणार नाही. चूक कबूल करणे म्हणजे गुलामी कबूल करणे नव्हे. चूक कबूल करा, भरपाईचा हिशेब मागा आणि तो लेखी मागा.

नव्याने स्टिअरिंगवर बसलेल्या आपल्या पोरांना म्हणून चार शब्द सांगतो. गाडी ठोकली की आधी थांबा. हँडब्रेक ओढा, चारी इंडिकेटर लावा, दोन घोट पाणी प्या आणि मगच खाली उतरा. पहिल्यांदा माणूस बघा, गाडी नंतर. कोणाला लागले असेल तर १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस बोलवा. गाडी हलवण्याआधी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढा. दोन्ही गाड्यांचे नंबर, जागा आणि आजूबाजूचे सगळे त्यात दिसले पाहिजे. शिवीला शिवी देऊ नका. कोऱ्या कागदावर सही करू नका. पैसे दिले तर किती दिले, कशाचे दिले, ते दोघांच्या सहीने लिहून घ्या. परवाना हा तुमचा कागद आहे, तो मालकाकडे गहाण ठेवू नका. क्वार्टरने आवाज विसरला जात नाही, तो दुसऱ्या दिवशी परत येतो आणि हात आणखी थरथरतात.

आणि गाडी मागे घेताना खाली उतरून बघायला लाजू नका. तीस भोंगे वाजले तरी वाजू द्या. भोंगा वाजवणारा तुमची कपात भरणार नाही. भीती बसलीच असेल तर रिकामी गाडी मोकळ्या मैदानात न्या, दोन दगड ठेवा आणि दहा-वीस वेळा मागे घ्या. सोबत जुना ड्रायव्हर असू द्या, हसणारा नव्हे, शिकवणारा. अशा आवाजाची भीती प्रत्येक चांगल्या ड्रायव्हरने कधी ना कधी खाल्ली आहे. ते सांगत नाहीत एवढेच.

वस्तीलाही काम आहे. आपल्या समाजमंदिरात परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी अभ्यासिका चालतात, ही चांगली गोष्ट आहे. पण महिन्यातून एक रविवार ट्रकवरच्या पोरांसाठी का असू नये? गावातला निवृत्त एसटी चालक बोलवा, एखादा वकील बोलवा. कपातीचा कागद कसा वाचायचा, ठाण्यात हकिकत कशी लिहायची, एवढे दोन तासांत सांगता येते. दर महिन्याला शंभर-शंभर रुपये काढून दहा ड्रायव्हरांनी आपला निधी उभा केला तर सात हजारांसाठी कोणाला मालकाच्या उचलीत जावे लागणार नाही. यासाठी कोणत्या मंत्र्याच्या सहीची गरज आहे?

त्या पोराचे काय झाले ते सांगून थांबतो. गोष्ट शेवटी बापाला कळली. तीस वर्षे दुसऱ्याच्या शेतात राबलेला तो माणूस मुलावर ओरडला नाही. वस्तीतले दोन शिकलेले तरुण सोबत घेऊन तो मालकाकडे गेला आणि म्हणाला, ‘आमच्या पोराने नुकसान केले, आम्ही नाही म्हणत नाही. पण हिशेब कागदावर द्या आणि लायसन परत द्या.’ बरीच बाचाबाची झाली. शेवटी परवाना परत मिळाला, ट्रकच्या दुरुस्तीचे चार हजार मालकाने सोसले आणि सात हजार दरमहा एक हजाराने कापायचे ठरले. उचल अजून आहेच, पण आता ती कागदावर आहे. फार मोठा विजय नाही हा. पण पोरगा पळून गेला नाही, दारूला लागला नाही आणि आज गाडी मागे घ्यायच्या आधी तो खाली उतरून बघतो. पुढच्या वेळी थांबशील का, असे आम्ही त्याला विचारले. तो म्हणाला, ‘थांबणार. आता घरी सांगता येतं.’

तुमच्या घरातला पोरगा आज रात्री कोणत्या तरी घाटात असेल. त्याचा फोन आला आणि आवाज कापरा वाटला, तर किती नुकसान झाले हे आधी विचारू नका. ते विचारायला मालक आहे. तुम्ही विचारा, ‘बाळा, तुला लागलं नाही ना? कोणाला लागलं नाही ना?’